झाकणांचे यो-यो

सुकापूर, नवीन पनवेल
१२ जून २०२५

ती. बाबांस,
कीर्तीचा शि. सा. न. वि. वि.

हौसामावशीच्या सुक्या बोंबलांच्या टोपलीतून हे पत्र येतंय, तेव्हा वास आला तर मला बोल लावू नका. फोन असताना लेक कागद का काळे करते, असं तुम्हाला वाटेल. किशोरीने माझ्या फोनमध्ये असं काही करून ठेवलंय की आलेला प्रत्येक मेसेज तो मोठ्याने वाचून दाखवतो. दोन खोल्यांच्या घरात कुजबुजलं तरी तिला ऐकू जातं. कागदावरचं बारीक अक्षर मात्र तिला आता दिसत नाही. आपल्याच अकरा वर्षांच्या पोरीपासून लपायला तिच्याच डोळ्यांचा फायदा घेतेय मी. लाज वाटते, बाबा.

सोमवारी डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि आम्हाला सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा हा आजार थांबणारा नाही. आज जे दिसतंय तेही जाईल. वर्ष, फार तर दीड. तुमचे जावई गाडीत जाऊन बसले ते अर्धा तास गाडी सुरूच करेनात. तिला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंय. नवा चष्मा आला की फळा दिसेल असं तिला वाटतं. वाटू दे.

तुमच्याकडे एकच मागणं. तिच्या वर्गात सगळ्यांकडे यो-यो आहेत. तिला दुकानातला नको, तुम्ही मला लहानपणी झाकणांचा करून द्यायचात तसाच हवा. असा करा की पुढे न बघताही खेळता येईल. तिला कळू न देता हाताला सवय होईल. मला दुसरं काही सुचत नाही, डोकं फिरायची पाळी आलीय.

आईला काही बोलू नका. लोभ असू द्या, आत्ता तर जरा जास्तच.

तुमची,
कीर्ती


करंजा, उरण
१७ जून २०२५

चि. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चष्मा पुसावा लागला. तुझी आई विचारायला आली, तर म्हटलं बोंबलाचा खार डोळ्यात गेला. आमची गंगाबाई ती, तिला काय पटतंय!

सोबत यो-यो आहे. लोणच्याच्या बरणीची दोन हिरवी झाकणं पाठीला पाठ लावून मधे स्क्रू घातलाय, आणि फट राहावी म्हणून दोन नट. सध्या पावसाळी मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर आहेत, त्यामुळे हाताला हेच काम. धागा जाळ्याचा आणि गाठही जाळ्याचीच. जगबुडी झाली तरी सुटायची नाही.

तू जेवत जा. फोनवरच्या तुझ्या आवाजावरून कळतं तू जेवत नाहीस. किशोरीला माझा पापा. माया आहेच, ती काय पत्रातून कमीजास्त होते?

तुझा,
बाबा


सुकापूर
२५ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

यो-यो मिळाला. पोर नाचली. खिडकीशी धरून किती वेळ त्याचा हिरवा रंगच बघत होती. पण तो खाली गेला की लगेच उलटतो, आणि वर येताना तिला दिसत नाही. परवा कपाळावर बसला. सुपारीएवढं टेंगूळ आलं. ती हसली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. बाकीच्यांचे यो-यो म्हणे खाली गेल्यावर तिथेच फिरत राहतात. तुमचा का राहत नाही?

आणखी एक सांगते, रागावा पण सांगते. ओवे गावात एक माणूस डोळ्यांत मध आणि कसलासा पाला पिळून घालतो असं ऐकलं. मी तिला घेऊन गेले. तीन दिवस तिचे डोळे लालभडक होते. मी बी.कॉम. झालेली बाई, बाबा, आणि हे मी केलं. एकविरेला नवस बोलले, उपास धरले. आता कोणी विहिरीत उडी मार म्हणालं तर तीही मारेन.

यो-यो थोडा हळू करा. आणि त्याला आवाज द्या, म्हणजे कुठे आहे ते तिला कळेल. लेकीवर राग धरू नका.

तुमची,
कीर्ती


करंजा
३ जुलै २०२५

चि. कीर्तीस,
अनेक आशीर्वाद.

पुन्हा त्या पाल्याकडे गेलीस तर मी स्वतः येऊन तुझा कान धरीन. एवढं लिहिलं, आता राग संपला.

टेंगूळ माझ्यामुळे आलं. चाळीस वर्षं मी एकच शिकलो, गाठ सरकली की मासा गेला. यो-योची गाठ मात्र सरकायलाच हवी, तरच तो खाली जाऊन फिरत राहतो. आपल्या धंद्याची अक्कल भलतीकडे लावली. आता तुझ्या आईचा गोधडीचा दोरा तिपेडी वळलाय आणि नुसता फास करून सैल अडकवलाय. आत वायसरच्या लोखंडी चकत्या चिकटवल्या, म्हणजे वजन बोटाला कळेल. तापल्या खिळ्याने कडेला भोकं पाडली. फिरला की भुंग्यासारखा गुणगुणतो. झाकणं इंजिन ऑइलच्या डब्याची घेतली. काळी आहेत, पण मजबूत. रंगाचा पुढे तिला काय उपयोग?

खेळून बघायला डोळ्यांना पट्टी बांधून ओट्यावर बसलो. तुझी आई म्हणाली, म्हातारा कामातून गेला. विसाव्या खेपेला जमलं. मग पट्टी सोडली आणि समोर खाडी दिसली. कीर्ती, मला पट्टी सोडता आली गं. त्यानंतर जेवण गेलं नाही.

माझं ऐकशील तर पोरीला सांगून टाक. तुमचं नातं आहे तसं राहू दे, एवढंच मागतो.

तुझा,
बाबा


सुकापूर
१५ जुलै २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काळा यो-यो फार छान चालतो. मागाहून आलेला चिंचोक्यांचा खुळखुळणाराही, आणि बोटाला लागतील अशा खाचांचाही. ती डोळे मिटून खेळते. मी दारात उभी राहून बघते आणि मला ते बघवत नाही.

सांगायचं म्हणता. नाही सांगणार. तुम्हाला माझी शपथ आहे. तिचे हे शेवटचे सुखाचे महिने आहेत, ते मी माझ्या तोंडाने कसे मोडू? मात्र हल्ली ती गप्प असते. चष्मा कधी येणार, हे विचारायची तेही थांबलंय. आणखी असेच दोन-तीन करा, वेगवेगळ्या आवाजांचे. सवय जितकी होईल तितकी बरी.

रागावलात तरी लोभ ठेवा.

तुमची,
कीर्ती


सुकापूर
२९ जुलै २०२५

ती. आजोबांस,
किशोरीचा शि. सा. न.

मी हे चित्रकलेच्या वहीत जाड मार्करने लिहितेय. एका पानावर चारच ओळी बसतात, म्हणून पानं जास्त झाली. पत्र मी स्वतः हौसाआजीच्या हातात देणार आहे. आईला माहीत नाही.

तुमचे चारही यो-यो मी ओळीने मांडले. पहिला हिरवा. मग काळा गुणगुणणारा. मग चिंचोक्यांचा, मग खाचांचा. दर वेळी यो-यो बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त होत गेला. तेव्हा मला कळलं. चष्मा येणार नाही ना? आईला मी विचारलं नाही. ती नळ सोडून रडते आणि तिला वाटतं मला ऐकू येत नाही. मला कळलंय हे तिला सांगू नका. ती अजून तयार नाही.

आजोबा, आवाजाचे यो-यो आता पुरे. ते मला नंतर पुष्कळ खेळता येतील. आत्ता मला एक बघायचा करून द्या. केशरी, पिवळी, गुलाबी, मिळतील त्या रंगांची झाकणं लावा. चमकीचा कागद चिकटवा. आवाज नसला तरी चालेल. गाठ कशीही मारा, कपाळावर आपटला तरी चालेल.

पण लवकर पाठवा. परवापासून हिरवा कुठला आणि काळा कुठला, हे मला हात लावून बघावं लागतंय.

आजीला नमस्कार. माझ्यावर लोभ आहे, ते मला माहीत आहे.

तुमची,
किशोरी