दोन सूत जागा

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आमच्या टिटवाळ्याच्या फ्लॅटचं काम अखेर आज सुरू झालं. बिल्डरने नाही, भावेशने सुरू केलं. टीपॉयवर.

नऊ वर्षांपूर्वी बुक केलेल्या इमारतीचं जोतं अजून गवतात पडून आहे, पण ब्रोशर मात्र आमच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं. त्यातला नकाशा बघून माझ्या नवऱ्याने प्लायवूडचा खोका करून आणलाय. वर छप्पर नाही, आत सगळ्या भिंती. एक फुटाला एक इंच. बाहुलीघर म्हणे! प्राप्ती म्हणाली, "पप्पा, मी नववीत आहे." बुकिंगच्या वेळी आमची ही लेक पाच वर्षांची होती. तेव्हा बाहुल्या होत्या, घर नव्हतं.

मी बुकिंग रद्द करायचा फॉर्म पुढे केला. करारावर दोघांची नावं आहेत, म्हणून सह्याही दोघांच्या लागतात, तीस सप्टेंबरच्या आत. ती तारीख गेली की "काम प्रगतिपथावर आहे" हे वाक्य आणखी किती वर्षं वाचायचं, ते बिल्डर ठरवणार. माझी सही फॉर्म आला त्याच दिवशी झाली. मला सुटायचंय यातून. भावेश म्हणाला, "फरशी होऊ दे. मग करतो."

कुठली फरशी?

"मास्टर बेडरूमची. लाकडी."

इथे डोंबिवलीत, वन रूम किचनमध्ये, पलंगावर मी, प्राप्ती आणि सासूबाई झोपतो. मास्टर खाली गादीवर.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईस्क्रीमच्या दोनशे काड्या आल्या. पाकिटातल्या, नव्या कोऱ्या. निदान आईस्क्रीम तरी खायला मिळेल असं वाटलेलं.

९ ऑगस्ट, शनिवार

साहेब चार वाजता रंगाच्या कारखान्यातून सुटतात आणि साडेचारला काड्यांची गोल टोकं कापायला बसतात. नखं बाराही महिने पिवळी. हात तीनदा धुतात, मग लाकडाला लावतात. माझ्या ओढणीला कधी इतकं जपलेलं आठवत नाही.

सासूबाई दारात बसून बघतात. "काय रं, सुपारी कातरतंस का?"

काड्यांना सागाचा रंग यावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवतो. फरशीला दोनदा उकळलेला कडक चहा आणि मला त्याच पावडरीचा तिसरा उतारा. शिवाय नियम: शेजारच्या दोन ओळींचे सांधे एका रेषेत येता कामा नयेत. हा नियम मला जेवताना दोनदा सांगण्यात आला.

लाकडी फरशीचं खूळ मुळात कुणाचं, हे इथे लिहायला हरकत नाही. वाचतंय कोण! माझंच. सॅम्पल फ्लॅटमध्ये सगळे बाल्कनी बघत होते, तेव्हा मी बेडरूममध्ये चप्पल काढून उभी राहिले. पायाला गार लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा घराची जमीन पायाला गार लागली नाही. घरी येईपर्यंत मी तेवढंच बोलत होते. त्यानंतर तो विषय मी काढलेला नाही, आणि भावेशला आठवत असेल म्हणावं तर त्याला कालची भाजी आठवत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ठाण्याला माझ्या शाळेत झेंडावंदन, पाचवीच्या पोरांची कवायत, मग उलटं टिटवाळ्याला. बुकिंगवाल्यांची सभा थेट साइटवर होती. जोत्यावर दोन म्हशी रवंथ करत होत्या. त्यांना ताबा मिळालाय. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, म्हणजे एक बगळा उडत होता त्याच्या थोडा वर.

आमच्या ग्रुपचे प्रमुख भगवान सर. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, तुमच्या घरातून एक सही राहिलीय ना?" मी भावेशकडे बघितलं.

"फरशी चालू आहे सर," तो म्हणाला.

सगळ्यांना वाटलं, आम्ही डोंबिवलीच्या घरात नवी फरशी बसवतोय. भगवान सरांनी सल्ला दिला, "लाकूड घेऊ नका हां. फुगतं."

१७ ऑगस्ट, रविवार

फुगली.

सकाळी बघितलं तर मास्टर बेडरूमच्या मधोमध पापडासारखा उंचवटा. या हवेत मीठ ओलं होतं, तिथे काड्या काय टिकणार. मी हसले नाही. म्हणजे त्याच्यासमोर हसले नाही, मोरीत जाऊन हसले.

२४ ऑगस्ट, रविवार

गेल्या सोमवारी तज्ज्ञांचा सल्ला घेतला. गल्लीच्या टोकाला काळुराम सुताराचं दुकान आहे. त्याने सागाच्या व्हिनियरचे, म्हणजे पातळ सालपटाचे, उरलेले तुकडे दिले आणि वर ज्ञान दिलं: "भाऊ, पट्टी भिंतीला टेकवायची नाय. चारी बाजूंनी दोन सूत जागा सोडायची. लाकडाला श्वास लागतो."

सूत म्हणजे सुतारांचं माप, इंचाचा आठवा भाग. भावेशने पट्ट्या कापल्या, घासल्या, नऊ इंच बाय साडेआठ इंचाच्या खोलीत सहा दिवस खपून बसवल्या, आणि गुरुवचन म्हणून चारी बाजूंनी दोन सूत जागा सोडली. मोजून.

मी गणिताची बाई. मी म्हटलं, "अरे, काळुरामचे दोन सूत खऱ्या घरातले. तू घर बारा पटींनी लहान केलंस आणि जागा नाही केलीस. तुझ्या बेडरूमला चारी बाजूंनी तीन-तीन इंचांचं गटार झालंय."

त्याने फूटपट्टी लावून पुन्हा मोजलं. मग पट्ट्या उचकटायला घेतल्या. माझ्या पाचवीतल्या पोरांना मी इतक्या आनंदाने चूक दाखवत नाही. नंतर जरा वाईट वाटलं. फार नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

दीड दिवसाच्या गणपतीला जागा हवी म्हणून टिटवाळ्याचं घर कपाटावर गेलं. आमच्याकडे घर ठेवायला घर नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

नवीन अडथळा. पितृपक्ष लागला. भावेशने पट्ट्यांची पहिली ओळ लावायला घेतली आणि सासूबाई कडाडल्या, "पितरपाखात घराला हात लावाचा नाय!"

मी म्हटलं, "आई, खोका आहे तो."

"दार हाय?"

"आहे."

"खिरकी हाय?"

"आहे."

"मंग घर हाय."

अशी व्याख्या बिल्डरलाही सुचली नसती. आणि भावेशने ऐकलं! गोंदाच्या बाटलीला झाकण लावून उठला. म्हणजे घटस्थापनेपर्यंत काम बंद, आणि त्यानंतर तीस तारखेला राहतात आठ दिवस. मी फॉर्म पुन्हा समोर ठेवला. "फरशी होऊ दे," तेच. मला रडू आलं, रागाने. नऊ वर्षं याची कारणं, त्याची कारणं, आता स्वर्गातले सासरेही बिल्डरच्या बाजूने.

१४ सप्टेंबर, रविवार

फर्निचर म्हणजे बांधकाम नव्हे, असा मी माझ्यापुरता निकाल दिला. भावेश भाजी आणायला गेलेला. म्हटलं, याला जरा डिवचू. आपला पलंग टेपने मोजला: साडेसहा फूट लांब, सहा फूट रुंद. पुठ्ठ्याचा तसाच करून, चादरीचा तुकडा चिकटवून खोलीत ठेवला. कपाटही केलं, दोन फूट खोल.

बसेना.

पलंग ठेवला की कपाटाचं दार उघडत नाही. कपाट हलवलं की खोलीचं दार लागत नाही. चारी भिंतींना लावून बघितलं. मग ब्रोशर काढलं. त्यातल्या चित्रात बेड आहे, टेबल आहे, कोपऱ्यात झाडाची कुंडीसुद्धा आहे, पण त्या बेडवर झोपायचं तर माणूस तिसरीतला हवा. मी गणिताची बाई, आणि नऊ वर्षांत एकदा मोजलं नाही!

ज्या खोलीसाठी इतकी वर्षं थांबलो, तिथे आम्ही मावणारच नव्हतो.

हातात पुरावा होता. भावेश आला की दाखवायचं, पेन द्यायचं, सही घ्यायची. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज आला. मी पलंग उचलून पिठाच्या डब्यामागे लपवला.

का, ते मला नीट सांगता येत नाही. मला त्याची सही हवीय. त्याचा पडलेला चेहरा नकोय. त्याच्या हातून पुरी होणारी ही एकच खोली आहे, आणि त्यावरून मी त्याला रोज टोचत होते. आत येऊन म्हणाला, "शेपू मिळाली." मी म्हटलं, "वा."

१५ सप्टेंबर, सोमवार

पलंग रुंदीला बारा सूत कापला. खऱ्या मापात सहा फुटांचा साडेचार झाला. आता बसतो, कपाटही उघडतं. बिल्डरलाही असंच सुचलं असणार.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले आणि काम सुरू झालं. या वेळी जागेचा हिशोब मी केला: दोन सुतांचा बारावा भाग म्हणजे सुताचा सहावा भाग. एवढी बारीक फट सोडायची कशी? भावेशने कपाटातून आमची लग्नपत्रिका काढली. तिचा पुठ्ठा बरोबर तेवढा जाड. तिच्या चार पट्ट्या कापून भिंतींना लावल्या, गोंद वाळला की काढून घ्यायच्या. सोळा वर्षांत त्या पत्रिकेचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

आज मीही बसले. मी घासते, तो लावतो. कापणं त्याच्याकडे, कारण माझी पट्टी तिरकी जाते हे त्याने फार सौम्यपणे सांगितलं. दहाव्या ओळीपर्यंत आलो. कुणी कुणाला टोमणा मारला नाही. सासूबाईंना काळजी वाटली, "भांडलाव का?"

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बावीस ओळी झाल्या. शेवटची अर्धी राहिलीय. मी माझा पलंग आणून आत ठेवला आणि म्हटलं, "हे बघ, कसा बसतोय!"

भावेशने पलंग बघितला. मग मला बघितलं. "छान," म्हणाला.

खोटं बोलून इतकं बरं वाटू नये खरं तर.

२७ सप्टेंबर, शनिवार

शेवटची अर्धी ओळ लागली. लग्नपत्रिकेच्या पट्ट्या चिमट्याने काढल्या. मग पॉलिश पेपर, मग मेण, मग जुन्या बनियनने पुसणं. हात लावू देत नाही. सकाळपर्यंत वाळू दे म्हणतो. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली आहे. मी आज त्याचं नाव काढलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

भावेशने सही केली. मी उठायच्या आत.

पेनला टोपण लावत म्हणाला, "तुझा पलंग खोटा आहे. खरा बसत नाही तिथे. खोका करायच्या आधीच मी मोजून बघितलेलं."

मी म्हटलं, "मग दोन महिने हे काय चाललेलं?"

"तू चप्पल काढून उभी राहिलेलीस ना तिथे. म्हटलं, सोडायच्या आधी तेवढी तरी करून देऊ."

मग त्याने पलंग उचलून बाजूला ठेवला. मी दोन बोटं फरशीवर टेकवली. गार लागली नाही.