माझ्यासारख्या डावीकडे

४ मार्च
जमलं! जमलं एकदाचं! लेझरने पेशी पकडली — हात न लावता, नुसत्या उजेडाने! केसाहून बारीक नळीतून पाणी धावतंय आणि ही बया मधेच थबकून उभी! मी आ वासून बघतच राहिले. सर म्हणाले, "आता यंत्राला निवडायला शिकवा."

५ मार्च
निरोगी रक्त कसं असतं, ते यंत्राला एकदा दाखवून ठेवावं लागतं. सरांचं फर्मान — दहा जणांचं घ्या. सुई बघताच सगळ्यांना कामं आठवली! यंत्र सांभाळणारा ढापण्या तर चक्क जिन्याने पळाला. मी मागे धावले, पण एका मजल्यातच धाप लागली. शेवटी माझंच बोट टोचलं. कुपीवर चिठ्ठी लावली — 'निरोगी'. माझ्यासारख्या पेशी डावीकडे, वेगळ्या उजवीकडे. उरलेले नऊ जण सावकाश बघू.

९ मार्च
माझं रक्त पुन्हा घालून पाहिलं. सगळं डावीकडे. शहाणं यंत्र!

११ मार्च
दुपारी ताई प्रयोगशाळा बघायला आली. "एवढं शिकलीस ते थेंबांना बॅटरी दाखवायला?" टोमणा मारून झाला, मग स्वतःच बोट पुढे केलं.

पडद्यावर पेशी येऊ लागल्या. उजवीकडे. उजवीकडे. पुन्हा उजवीकडे! नळी बदलली, लेझर तपासला, माझा थेंब घातला — तो सरळ डावीकडे. ताईचा पुन्हा घातला — उजवीकडेच!

"काय गं, नापास का मी?" ताई हसत होती.

"यंत्र बिघडलंय," म्हटलं. धडधडीत खोटं.

१२ मार्च
ताईला फोन लावला, वाजायच्या आत ठेवला. तिच्या मुली अजून शाळेत जातात.

१३ मार्च
सांगून टाकलं. ताई हातातलं फडकं पिळतच राहिली. मग म्हणाली, "मुलींना कळू द्यायचं नाही. आणि दवाखान्यात तू बरोबर ये, मला एकटीला काही सुचायचं नाही." मला तरी कुठे सुचतंय!

१७ मार्च
दवाखान्यातून फोन — ताई ठणठणीत! रक्तात काही म्हणजे काही नाही! जीव भांड्यात पडला. भर प्रयोगशाळेत रडले, ढापण्याने रुमाल दिला. यंत्रच खुळं. ताईने फोनवर यथेच्छ शिव्या घातल्या, त्याही गोड लागल्या.

१८ मार्च
रिपोर्ट आणायला दोघी गेलो. डॉक्टरीणबाईंना सगळी हकिकत हसत हसत सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"यंत्राने हिचं रक्त वेगळं म्हटलं. पण कुणापेक्षा वेगळं?"

"माझ्यापेक्षा," म्हटलं — आणि कुपीवरची 'निरोगी' चिठ्ठी आठवली.

बाईंनी नवा फॉर्म ओढला. नाव विचारलं. ताईने माझं सांगितलं.