विंचवांचा नकाशा

१२ मार्च १९८३, शनिवार

आज तिसरा मजूर काम सोडून गेला. विंचू चावला म्हणून नव्हे – चावेल म्हणून. पंधरा दिवसांत दोघांना चावला, तेव्हापासून वनउद्यानात खड्डे खणायला कोणी तयार नाही. महाराष्ट्र दिनाला उद्यान लोकांना खुलं करायचंय. रेंजर साहेब यांना म्हणाले, "गोटीराम, सगळा पाला जाळा, दगड उपसा, पावडर मारा. वनरक्षक म्हणून कशाला ठेवलंय तुम्हाला?"

हे जेवले नाहीत नीट. मी म्हटलं, "जाळलं तर ते पळतील, आणि पहिली भिंत आपल्या खोलीची आहे." हे म्हणाले, "मग काय करू?" मी म्हटलं, ते कुठे राहतात ते मला ठाऊक आहे.

ठाऊक आहेच. छबू रांगायला लागली तशी मी रोज खोलीभोवतीचा दगड न् दगड बघते. चार महिने झाले.

१५ मार्च

नवसाबाईला बरोबर घेतलं. रोपवाटिकेत पाणी घालते ती, पेठ तालुक्यातली, साठीची असेल. जन्म रानात गेलेला. तिने मला दगड उलथायला शिकवलं. कोयत्याच्या टोकाने पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढायची, म्हणजे विंचू आणि आपण यांच्यात दगड राहतो. मी इतके दिवस उलटं करत होते. चावला नाही हे नशीब.

उतारावर, जिथे ऊन लागतं आणि माती भुसभुशीत आहे, तिथे चपट्या दगडांखाली तांबडे. लहान, पण तेच वाईट. चाळीस दगडांखाली अकरा.

२७ मार्च

रोज सकाळी दोन तास. छबू नवसाबाईच्या सुनेकडे.

आता मला न उलथता कळायला लागलंय. ओढ्याच्या काठी चिकण मातीत बिळं आहेत – तोंड गोल नाही, अर्ध्या चंद्रासारखं. उंदराचं गोल असतं. अशा बिळात काळी इंगळी, तळहाताएवढी. आज एकीच्या पाठीवर पांढरी पिल्लं होती, दाटीवाटीने. आम्ही दोघी बघत राहिलो. नवसाबाई म्हणाली, "लय जपती गं ती. तिला नको हात लावू."

वाळलेल्या झाडांच्या सुटलेल्या सालीखाली बारीक, पिवळसर. झाड हिरवं असेल तर एकही नाही.

आणि जांभळाच्या झाडांखाली? सावली, दडपलेली माती, एक दगड नाही. तीन वेळा बघितलं. काही नाही.

९ एप्रिल

साहेब आले होते. नकाशा दाखवला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलाय, तांबड्या पेन्सिलीने तांबडे, शाईने काळे.

"शिक्षण किती?"

"नववी, कळवणला."

त्यांनी उतारापासून जांभळांपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनी यांना विचारलं, "पायवाट जांभळांकडून फिरवली तर किती मजूर लागतील?" म्हणजे मान्य. पाला जाळायचा नाही. उतार तारेने बंद करायचा. बसायची जागा जांभळांखाली.

संध्याकाळी दोन मजूर परत आले. मी त्यांना कोयत्याने दगड ओढायला शिकवलं. मी. हे लांबून बघत होते, विडी न पेटवता.

१ मे

खूप माणसं. साहेब भाषणात म्हणाले, आमचे वनरक्षक गोटीराम यांनी परिश्रमपूर्वक विंचवांच्या जागा शोधल्या. टाळ्या. यांना हार घालायला बोलावलं. हे वर गेले, हार हातातच धरला आणि म्हणाले, "साहेब, नकाशा बायकोने काढलाय. मला तो अजून नीट वाचता येत नाही." लोक हसले. मग सगळे मागे वळून मला शोधायला लागले.

लग्नाला पाच वर्षं झाली. हा माणूस घरात चहा गोड झाला एवढंसुद्धा बोलत नाही.

१९ जून

अजून एकालाही चावला नाही.

१४ ऑगस्ट

शाळेची सहल येऊन गेली. बाईंनी मुलांना माझ्यापुढे बसवलं. मी तासभर बोलले. आता सकाळी फिरत नाही फारशी – काय बघायचं राहिलंय?

३ ऑक्टोबर

नवसाबाईला चावला. जांभळांखाली.

पाणी पिऊन कट्ट्यावर टेकली, हात मागे ठेवला. तांबडा. घाम, उलट्या, हात गार पडले. यांनी तिला जीपमध्ये घालून सिव्हिलला नेलं. मी कट्ट्याजवळ बसले आणि बघितलं. पावसाळ्यात झाडांभोवती कट्टे रचले ते उतारावरच्या दगडांनी. मी मोजलेल्याच दगडांनी. सिमेंट नाही, नुसते एकावर एक. प्रत्येक दगडामध्ये बोटभर फट. एका कट्ट्यात सात निघाले.

कट्टे रचताना मी रोज तिथून जात होते. माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

५ ऑक्टोबर

वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस ठेवू. मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "इचू काय तुझा नकाशा वाचून राहतो व्हय? सोड पाय. भाकर आणलीस का?"

तिथूनच ऑफिसात गेले. हे म्हणाले होते, नको जाऊ, कोणी विचारलेलं नाही. साहेबांसमोर उभी राहून सांगितलं – चूक माझी. मी जागा लिहून ठेवल्या आणि बघायचं सोडलं. त्याला जागेचं काही नाही, त्याला फट लागते. आपण दगड हलवले तसा तो हलला. फटी चुन्याने बुजवा, आणि दर पावसाळ्यानंतर सगळं उद्यान पुन्हा बघायला हवं.

साहेब म्हणाले, "आणि हे करायचं कोणी?"

मी म्हटलं, "मी करते."

त्यांनी काही लिहून घेतलं. ओरडले नाहीत.

३० ऑक्टोबर

सगळ्या फटी बुजवून झाल्या. रोज सकाळी जाते. नवसाबाई पण येते, हात अजून जड आहे तिचा. आज ओढ्याच्या पलीकडच्या काठी सहा नवी बिळं. मार्चमध्ये तिथे एकही नव्हतं.

२१ नोव्हेंबर

खात्याचा लखोटा आला. आत दोन कागद. एक यांच्या बदलीचा – सुरगाण्याला, एक तारखेपासून. दुसरा माझ्या नावाचा – उद्यानात नेमणूक, तीही एक तारखेपासून, खोली माझ्याकडेच राहील.

हे दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसले. छबू त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती.

मग म्हणाले, "मी शनिवारी येत जाईन."