मुठीखालचं नाव

आबा, तुमची ती जपानी तलवार मी अखेर एका जाणकाराला दाखवली. तुम्हाला जाऊन तेहतीस वर्षं झाली, म्हणजे उशीर केवढा झाला ते तुम्हीच बघा. वैशाखरे गावातल्या आपल्या घरात ती माळ्यावर कांबळ्यात गुंडाळलेली असायची. मी सहावीत असताना दसऱ्याला विळे-कोयत्यांबरोबर तीही खाली काढली, पाटावर ठेवली आणि तिला कुंकू लावलं. तुम्ही खळ्यावरून आलात, पाहिलंत आणि माझ्या कानफटात मारलीत. मला मारलंत ते तेवढंच एकदा. "ती आपली नाय," इतकंच बोललात. आईने गुपचूप ओल्या फडक्याने कुंकू पुसलं आणि मग त्यावर कुणी काही विचारलं नाही. लढाईत तुम्ही एका जपान्याला मारून ती आणली, असं गावात सगळे म्हणायचे. मीही शाळेत तेच सांगत होतो.

खरं काय ते तुम्ही शेवटच्या आजारात सांगितलंत. ओटीवर तुमची खाट आहे, मी भातसानगरहून सुट्टी काढून आलोय, तुम्हाला पेज भरवतोय. तुम्ही चमचा बाजूला सारता आणि बोलायला लागता. ब्रह्मदेशात लढाई संपली होती. जपानी अधिकारी रांगेने येऊन ताडपत्रीवर तलवारी ठेवत होते आणि तुम्ही पहाऱ्यावर होता. एका वयस्कर माणसाने आपली तलवार दोन्ही हातांवर धरून खाली ठेवली, वाकला, आणि तरी तिथून हलेना. पुढे तुमच्या साहेबाने तुम्हा लोकांना एकेक तलवार उचलायची मुभा दिली, तेव्हा तुम्ही तीच उचललीत. तो माणूस छावणीत हगवणीने आजारी पडला. तुम्ही त्याला पाणी पाजायला जायचात. त्याची भाषा तुम्हाला येत नव्हती, तुमची त्याला येत नव्हती. तो तुमच्या कमरेच्या तलवारीची मूठ दाखवायचा, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा आणि बोटाने तळव्यावर काहीतरी लिहायचा. आठवड्याभरात तो मेला. खड्डा तुम्हीच खणलात.

"मुठीच्या आत त्याचं नाव हाय," तुम्ही मला म्हणालात. "कुनाला तरी वाचाया लाव. त्याच्या घरी धाड. मी मान हलवली व्हती रे त्याच्यापुढं."

मीही तुमच्यापुढे मान हलवली. मग तुम्ही गेलात. मी तलवार शहापूरला आणून कपाटावर टाकली आणि धरणाच्या दारांच्या कामाला लागलो. पोरांची शाळा, बहिणीचं लग्न, आईचं आजारपण, कारणं काय हवी तेवढी होती. रिटायर झालो तरी दोन वर्षं ती तशीच पडून होती. यंदा पुतण्याने नाशिकचा एक माणूस शोधून काढला. तो अशा तलवारी जमवतो आणि ओळखतो. दिवस ठरला. आदल्या दिवशी मला वाटलं, अशी मळकट कशी न्यायची. मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ ओढली. आतलं लोखंड काळंकुट्ट. माझा जन्म गंज काढण्यात गेलेला, आबा. तारेचा ब्रश घेतला, गंज काढायचं औषध लावलं, वर पॉलिश पेपर मारला. तासाभरात आरशासारखं झालं. तुमच्या सुनेला बोलावून दाखवलं.

नाशिकच्या माणसाने तलवार मांडीवर घेतली तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. मुठीच्या दोरीखाली माशाचं खडबडीत कातडं, वर पितळेची चेरीची फुलं, म्हणजे अधिकाऱ्याची. हवालदारांच्या तलवारींना ॲल्युमिनियमची मूठ असते आणि पात्यावर नंबर ठोकलेला असतो, तसं इथे काही नाही, असं त्याने समजावलं. पातं उजेडात तिरकं धरून धारेजवळची ढगासारखी रेघ दाखवली. हे कारखान्याचं काम नव्हे, जुन्या लोहाराच्या हातचं आहे, बहुतेक त्या माणसाच्या घराण्यातलं असेल, म्हणाला. मग त्याने मूठ काढली आणि आतल्या लोखंडावरून अंगठा फिरवला.

"हे कोणी घासलं?" त्याने विचारलं.

मी घासलं, म्हणालो. त्याने ओरडून बोलायला हवं होतं. तो हळू आवाजात सांगत राहिला, की या भागाचा गंज कधीच काढायचा नसतो, त्याच्या रंगावरून वय कळतं. एका बाजूला छिन्नीने कोरलेलं लोहाराचं नाव होतं, ते झिजलेलं असलं तरी त्याने भिंगाखाली कसंबसं वाचलं. मालकाचं नाव सहसा नसतं, असलं तर रंगाने लिहिलेलं असतं. दुसऱ्या बाजूला भिंगाखालीही काही दिसलं नाही. घासण्याआधी फोटो काढला होता का, त्याने विचारलं. नव्हता काढला. नुसत्या लोहाराच्या नावावरून ते घर सापडणार नाही, म्हणाला. तलवार विकत घ्यायची त्याची तयारी होती, पण मी ती पुन्हा सोबत नेलेल्या प्लास्टिकच्या पाइपात घातली आणि कसाऱ्यावरून घरी घेऊन आलो. तुमची सून दारातच उभी होती. नाव निघालं का, तिने विचारलं. नव्हतंच गो आत काही, मी म्हणालो.

तेव्हापासून रोज जेवताना तो माणूस डोळ्यांपुढे येतो, तळव्यावर लिहिणारा. मी त्याला पाहिलेलं नाही, म्हणून त्याला तुमचाच चेहरा असतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. नाशिकच्या माणसाला मी म्हणालो, की मला तो मळ वाटला. मुठीखालच्या गंजावर त्या पांढुरक्या खुणा चार होत्या, एकाखाली एक, सरळ ओळीत. मळ असा ओळीत बसत नाही, हे मला कळत होतं. पण हात चालत होता, लोखंड उजळत होतं आणि मला बरं वाटत होतं.