पिलाची सोडून द्यायची

मळवली,
५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

भाऊ गेले. एकोणीस सप्टेंबरला, सकाळी सव्वासात वाजता, तळेगावच्या एका दवाखान्यात. लेप्टोस्पायरोसिस. तो दूषित पाण्यातून होतो. आधी ताप येतो, मग मूत्रपिंडं जातात. आज सोळा दिवस झाले आणि मी तुला कळवलेलं नाही. तुझा नंबर माझ्याकडे होता. फोनवर मी हे दोन वाक्यांत संपवलं असतं, म्हणून लिहिते आहे. शेवटी तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि त्याआधी एक कबूल करायची आहे. वाचून तू उत्तर दिलं नाहीस तर मी ते समजून घेईन. फक्त पत्र क्रमानं वाच.

भाताच्या खाचरात बांधातल्या बिळातून खेकडा काढला की भाऊ तो आधी उलटा करायचे, आठवतं? पोटावरची झडप अरुंद असली की नर, तो टोपलीत. रुंद असली की अंगठ्यानं हळूच उघडून बघायचे. आत अंडी किंवा पिल्लं चिकटलेली दिसली की ती मादी परत ओढ्यात. “पिलाची सोडून द्यायची, पोरींनो. पोटुशीला हात लावायचा न्हाई.” तू एकदा म्हणालीस, भाऊ, मग आपण काय रोज नुसते नवरदेवच खायचे? ते आठवडाभर हसत होते. मी प्राणिशास्त्र बापाच्या त्या अंगठ्यापासून शिकले. आता पुण्यात कॉलेजच्या प्रकल्पात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पाहणी करते आणि झडप अजून तशीच उघडते.

चार वर्षांपूर्वी तू घरात सांगितलंस, तेव्हा तुला तिसरा महिना होता. दुसऱ्या दिवशी भाऊंनी तुझी बॅग ओट्यावर ठेवली. तू बॅग उचललीस आणि दार मी लावलं. पावसाची झड आत येत होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. नंतर तुझा कोल्हापूरहून मेसेज आला: “मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत.” खाली पत्ता. मी उत्तर दिलं, “ठीक.” भाऊंना तो दाखवला. त्यांनी वाचला आणि बंगल्याच्या झाडांना पाणी घालायला गेले.

ते राखणदारी करायचे त्या बंगल्याच्या मालकानं दोन वर्षांपूर्वी हॉलमध्ये काचेची टाकी ठेवली आणि त्यात एक क्रेफिश आणून सोडला. नांगे खेकड्यासारखे, शेपटी कोळंबीसारखी, अंगावर संगमरवरासारखी नक्षी. मालकाची हौस दोन महिन्यांत फिटली. जनावर भाऊंकडे राहिलं. ते तिला बाय म्हणायचे. एका रविवारी फोन आला. बाय मेली म्हणून त्यांनी तिला सकाळी जास्वंदीखाली पुरलं होतं, आणि दुपारी बाय कौलाच्या तुकड्याखाली बसलेली. “ज्योत्स्ना, पुरल्याली बाई परत कशी आली गं?” मी सांगितलं, ती मेली नव्हती, तिनं कात टाकली. मिश्या, पाय, नांगे, सगळं जसंच्या तसं उतरतं, म्हणून फसायला होतं. पुढच्या वेळी ते कवच पाण्यातच राहू द्या. ती ते खाते, त्यातला चुना तिला परत लागतो. तोवर अंग मऊ असतं, ती लपून राहते. तेव्हापासून दर रविवारी फोन यायचा. बायनं कोबी खाल्ला, बायनं मिशी तोडून घेतली. आम्हांला बोलायला दुसरा विषय नव्हता, ताई. जो होता तो आम्ही दोघंही काढत नव्हतो.

या जुलैत ते म्हणाले, बायच्या शेपटीखाली अंडी लागली आहेत, पण ती तर एकटीच आहे. मी समजावलं. या जातीत नर नसतोच. ती स्वतःच अंडी घालते, चिकट रसानं पोटाखालच्या बारीक पायांना लावते, पाय हलवत त्यांना ताजं पाणी देत राहते, खराब झालेलं अंडं निवडून काढून टाकते. प्रत्येक पिल्लू हुबेहूब तिच्यासारखं. अंड्यातून निघाल्यावरही ती काही दिवस आईला धरून असतात आणि मग एकेक करून सुटतात. भाऊ म्हणाले, “म्हंजी समदं यकटीनंच करती. लय अवघड हाय.”

ऑगस्टमध्ये बंगला विकायला निघाला. मालकाचा निरोप आला, टाकी रिकामी करा, आतलं फेकून द्या. भाऊंनी बायला बादलीत घातलं आणि मागच्या ओढ्यात सोडलं. मला अभिमानानं सांगितलं, “पिलाची व्हती. सोडली.” मी ओरडले. ही परदेशी जात आहे, एक मादी पुरते, एकदा पसरली की आपल्या खेकड्यांचं खाणं आणि बिळं दोन्ही जातील, हे सगळं मी बरोबर सांगितलं. तिथं थांबायला हवं होतं. मी पुढे म्हणाले, “पोटुशीला सोडून द्यायचं नसतं, तिला ठेवून घ्यायचं असतं. हे चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं.” त्यांनी फोन ठेवला. पुढचे चार रविवार फोन आला नाही. मीही केला नाही.

ते रोज ओढ्यात उतरत होते, हे मला शेजारच्या नंदाबाईंनी दवाखान्यात सांगितलं. गुडघाभर पाण्यात, टोपली घेऊन, पायाला जखम असताना. तापातही ते मला दोनदा म्हणाले, “शेडातलं पिंप बघ.” मला वाटलं, तापात बरळत आहेत.

अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी मी शेड उघडली. निळं पिंप, वर जाळी, जाळीवर दगड. तळाशी बाय आडवी पडली होती, एक मिशी तुटलेली. मेली असं समजून मी तिला उचललं. हातात काहीच वजन आलं नाही. हे काम करायला लागून मला सहा वर्षं झाली, तरी मी फसले. खरी बाय विटेमागे होती, मऊ, पोटाखाली रिकामी. पिल्लं पिंपाच्या तळाशी फिरत होती. एकशे अडुसष्ट. भाऊंनी तिला परत पकडलं तेव्हा सगळी तिच्या अंगावर होती की काही ओढ्यात राहिली, हे सांगता येत नाही. मी दर तीन दिवसांनी ओढा तपासते. अजून एकही सापडलेलं नाही. पिंपातल्या जनावरांना मी बर्फाच्या पाण्यात घालून मारलं, बायलाही. ते करणं भाग होतं. भाऊंना जमलं नसतं.

आता कबूल करायचं ते. सतरा तारखेला त्यांनी विचारलं, “अनघाच्या पोरीचं नाव काय ठिवलं?” चार वर्षांत पहिल्यांदा. मला माहीत नव्हतं. तुला फोन केला असता तर एका मिनिटात कळलं असतं. मी केला नाही. मूत्रपिंडांचा आकडा, क्रिएटिनिन, त्या दिवशी उतरला होता, मी रिपोर्ट बघत होते. मला वाटलं, हे बरे होतील, आणि मग यांनी स्वतः फोन करून विचारावं, माझ्या तोंडून नको. तेवढं तरी तुझं देणं लागतात, असं मी ठरवलं. तुला न विचारता ठरवलं. म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं.

जलदानविधी दोन नोव्हेंबरला आहे. पत्रिका छापायची आहे. खाली कुटुंबीयांची नावं असतात. तुझं नाव मी सगळ्यांत वर लिहिलं आहे, ते तुला नको असेल तर काढेन. माझं त्याखाली. त्याच्याही खाली मी “नात” असं लिहिलं आहे, पुढे दोन टिंबं आणि मोकळी जागा. छापखान्याला मी वीस तारखेपर्यंत थांबायला सांगितलं आहे. तू येशील की नाही हे विचारायचा अधिकार मला नाही, म्हणून विचारत नाही. ताई, तिचं नाव काय?

तुझीच, अजून तसं लिहू देत असशील तर,
ज्योत्स्ना