किलब्रॅकच्या दगडांखालची चिमूटभर माती मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
जिल्हा प्राचीन वास्तू कार्यालय.

विषय : किलब्रॅक येथील पडक्या चर्चच्या आवारातून माती नेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपली जुलै व ऑक्टोबरमधील पत्रे.

महोदय,

मी खाली सही करणारा फेस्टी कॉइन, निवृत्त पोस्टमन, विनंतीपूर्वक कळवितो की, माझी आई पेग कॉइन काल सकाळी देवाघरी गेली. ती सध्या आमच्या पुढच्या खोलीत आहे. शेजारीपाजारी तिच्याजवळ जपमाळ म्हणत आहेत आणि मी स्वयंपाकघरात चहाच्या कपांमध्ये जागा करून हा अर्ज लिहीत आहे. परवा दफन आहे.

१. माझा थोरला भाऊ जन्मला आणि बाप्तिस्म्याआधीच गेला. अशा बाळांना तेव्हा गावच्या दफनभूमीत घेत नसत. सूर्य मावळल्यावर बाप एकटाच पेटी काखेत घेऊन पडक्या चर्चकडे जाई, पुरून वर एक दगड ठेवी. वडिलांनी दगड कोणता ते कधी सांगितले नाही. बाप सांगत नसत, आया विचारत नसत.

२. लहानपणी आमच्याकडे मिशनचे पाद्री येत, सूर लावून प्रवचन करीत. ऐकताना मी तहानभूक विसरे, आजही तसे प्रवचन असले की दोन गावे ओलांडून जातो. पण त्याच गोड गळ्यातून, अशा बाळांना स्वर्गाचे दार बंद, हेही मी ऐकले आहे. तेव्हा आई बाकावर मान खाली घालून बसे. आता तसे कोणी सांगत नाही. ते तिला कळेपर्यंत तिचे पाय गेले होते. दलदल ओलांडून तिला तिथे नेणे शक्य नव्हते, म्हणून मी कॅमेरा घेतला. ती फोटोतल्या एकेका दगडावरून बोट फिरवी आणि फोटो उशाशी ठेवी.

३. आईला तिथेच पुरावे, असा अर्ज मी ती हयात असतानाच केला होता. आपले निरीक्षक जूनमध्ये भर दुपारी आले. गवत गुडघ्यापर्यंत होते. "इथं काहीच नाही हो, आजोबा," म्हणाले. मी म्हटले, हिवाळ्यात, ऊन जमिनीला टेकलं की या, मग एकेका दगडाची सावली पडते आणि रांगा दिसतात. ते हसून गाडीत बसले. जुलैच्या पत्रात आपण कळविले की, तेथे कोणी पुरलेले नसल्याने ती दफनभूमी नाही, सबब दफन करता येणार नाही.

४. मग मी आईसाठी गेल्या हिवाळ्यात काढलेले फोटो पाठविले. त्यावर ऑक्टोबरमध्ये आपण कळविले की, तेथे पुष्कळ दफने दिसतात, सबब माती हलविता येणार नाही. दोन्ही पत्रांखाली सही आपलीच आहे. शेजारचा सनी मॅन्यन तेव्हा म्हणाला, "पेगला सांग, साहेबांचं ठरेपर्यंत थांब." ऐकून आईही हसली होती. ती थांबू शकली नाही.

५. आता तिला तिथे पुरण्याचा आग्रह मी सोडला आहे. गावच्या दफनभूमीत खड्डा खणला जात आहे. विनंती एवढीच की, किलब्रॅकची थोडी माती तिच्या कुशीत ठेवू द्यावी. फादरची हरकत नाही. कुदळ लावणार नाही, चहाचा चमचा नेईन. दगड होता तसा ठेवीन आणि आधीचे-नंतरचे फोटो सादर करीन.

६. आमचा दगड कोणता हे मला ठाऊक नाही, म्हणून प्रत्येक दगडाखालून चिमूटभर घ्यावी लागेल. एकाच बाळासाठी इतकी माती कशाला, अशी शंका आपणास येईल. तीच शंका मी आईजवळ काढली होती. ती म्हणाली, "अरे राजा, एकाला उचलायचं आणि बाकीच्यांना तिथंच टाकून यायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. सगळ्यांना आण. मी सरकून घेईन."

उद्या अंधार पडण्यापूर्वी होकार कळावा, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
फेस्टी कॉइन
किलब्रॅक, कोनेमारा
१४ डिसेंबर १९९४

सोबत : हिवाळ्यातले फोटो. कोणत्याही दगडावर खूण केलेली नाही.