खिडकीजवळच्या आजीबाईंच्या शिव्या

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. तुझ्या गुडघ्यांना वेगळा सलाम, कारण तू चालतेस ती त्यांच्या मर्जीने. भाऊजींनी विड्या सोडल्या असतील तर त्यांचं अभिनंदन, नसतील तर तुझं सांत्वन. मी बरा आहे. (बरा म्हणजे उभा आहे.)

आपल्या चर्चच्या मंडळीने आम्हा सात जणांना परदेशी सेवेला पाठवलं तेव्हा केवढी भाषणं झाली होती! आता खरं ऐक. हा दवाखाना बरं होण्यासाठी नाहीच. डॉक्टरांनी हात टेकलेली माणसं इथे येतात आणि आडवी होऊनच बाहेर जातात. एक लांब खोली, दोन्हीकडे खाटा, फिनेलचा वास. खाट रिकामी झाली की गादी गच्चीवर उन्हात टाकायची. ती गादी मी वाहतो. मला इथली भाषा येत नाही, गाता येत नाही आणि पाठ मजबूत आहे, त्यामुळे माझी निवड एकमताने झाली.

पहिल्याच आठवड्यात आम्ही दिवे लावले. आमचे पुढारी (पाठीमागे आम्ही त्यांना कप्तान म्हणतो) एका आजारी सुताराच्या खाटेभोवती आम्हाला उभं करून त्याच्या आरोग्यासाठी प्रार्थनेला लागले. त्यांची प्रार्थना तुला ठाऊकच आहे, उत्पत्तीपासून निघते आणि कुठलाच संदेष्टा सोडत नाही. आम्ही डोळे घट्ट मिटून उभे. आमेन म्हणून उघडतो तो सुतार गेलेला. नर्सबाई त्याचे डोळे मिटून, हाताची घडी घालून आमची वाट बघत होत्या. सात माणसं भोवती होती, आणि त्याचा हात एकानेही धरला नव्हता. ताई, फार लाज वाटली. तेव्हापासून मी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करतो. कप्तानांना ते खपत नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजीबाई आहेत. त्यांना भेटायला कोणी येत नाही. लापशी भरवायला गेलं की तोंड फिरवतात आणि मला शिव्या देतात. (शिव्या कळायला भाषा लागत नाही.) मीही मराठीत सुनावतो, की एवढे नखरे माहेरी जाऊन करा. मग त्या बोळकं पसरून हसतात आणि एक चमचा आत जातो. दुपारचं ऊन खाटेवर आलं की मी त्यांचे पाय पांघरुणाबाहेर काढतो आणि आम्ही दोघं गप्प बसतो. अख्ख्या दिवसात मला एवढंच हवं असतं. संध्याकाळच्या उपासनेत प्रत्येकाने उपकार मानायचे असतात. बाकीचे आत्म्यांच्या तारणाचं सांगतात. मी म्हटलं, आज अर्धी वाटी गेली. कप्तानांनी घसा खाकरला.

पण आता वाटीत उरतंच जास्त. फार दिवस नाहीत, असं नर्सबाईंनी खुणेने सांगितलं. आमचं परतीचं विमान शनिवारी आहे. मी गेल्यावर त्या शिव्या कोणाला देणार, या विचाराने माझ्याच घशाखाली घास उतरत नाही.

आईला आणि लेकरांना प्रेम.

तुझा धाकटा

ता. क. वर धीर झाला नाही, म्हणून पत्राचं खरं कारण इथे लिहितो. मी शनिवारी येत नाही, आजीबाईंजवळ थांबतो. हे पत्राचं पाकीट कप्तान आणून देतील. (तुझ्या भावजयीला तोंड दाखवायला ते घाबरतात, म्हणून आधी तुझ्याकडे येतील.) तू तशीच रिक्षा करून तिच्याकडे जा. तिला आधी आत बसव, मग तू दाराजवळ बस.

दुसरा ता. क. भावजयीकडे जाऊ नकोस. आजीबाई आज दुपारी गेल्या. हात माझ्या हातात होता. सकाळी शिवी दिली तीच शेवटची. मी रडलो. गादी अजून गच्चीवर नेलेली नाही. आता थांबायला कारण उरलं नाही, सगळ्यांबरोबर येतो.

तिसरा ता. क. भावजयीकडे जाच. विमान शनिवारी सकाळी आणि आजीबाईंची माती त्याच दुपारी आहे. इथल्या पाळकांनी येऊन विचारलं (अर्थ कप्तानांनी सांगितला), की बाईंच्या घरचं कोण आहे? नर्सबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी नाही म्हणालो नाही. तेव्हा तिला बाकी काही समजावत बसू नकोस. आपल्या घरातलं माणूस गेलंय, एवढंच सांग.